कणकेच्या हातांचं नाटक

ती घटना आजही आठवते, आणि आठवली की अजून अंगाचा तिळपापड होतो. राग येतो तो स्वतःचाच. तीस-बत्तीस वर्षं खाकी घातली. खून पाहिले, दरोडे पाहिले, बांधाच्या भांडणात सख्ख्या भावांनी एकमेकांची डोकी फोडलेली पाहिली. त्या मानाने हे प्रकरण किरकोळ. यात रक्त सांडलं नाही, कुणाच्या हाताला बेडी लागली नाही. पण एका म्हाताऱ्या माणसाचा जीव माझ्या एका कागदावर अडकला होता, आणि त्या कागदाचा घोळ आमच्याच ठाण्याने घालून ठेवला होता. नावं सांगणार नाही, ठाण्याचंही नाही. अमरावती जिल्ह्यात, अचलपूरच्या बाजूला, एवढं पुरे.

निवृत्तीला तीन वर्षं उरली होती आणि मी त्या ठाण्यात नुकताच हजर झालो होतो. दहा दिवसांनी गावात एका बड्या पुढाऱ्याचा जाहीर सत्कार होता. शाळेच्या मैदानावर मांडवाची आखणी सुरू होती, आमच्याकडे बंदोबस्ताची. असे दिवस आले की ठाण्यातल्या माणसाला विजेच्या खांबामागेही संशयित दिसू लागतो. अशात एक दिवस सकाळची हजेरी संपली आणि आमचा मुखबीर दारात उभा राहिला. फवारणीचे पंप दुरुस्त करत वावरावावरातून फिरणारा हा माणूस. त्याची खबर सहसा खोटी निघत नसे.

"साहेब, नाल्यापलीकडच्या माळ्याच्या मळ्यात रोज दुपारी आठ-दहा बाया जमून राहिल्या. टिनाच्या शेडमंदी. इचारलं तर म्हन्तात, भुलाबाईची गाणी बसवून राहिलो."

"मग बसवू दे ना. तुझं काय जाते?"

"अहो, भुलाबाईले दीड महिना हाये! अन् थे गाणी बायाइले पाठच असतात. त्याले बसवाचं काय असते?"

तर्क बिनतोड होता. भाद्रपदाच्या पुनवेपासून कोजागरीपर्यंत आमच्याकडे घरोघर भुलाबाई मांडून गाणी म्हणतात. त्याची तालीम केलेली मी उभ्या वऱ्हाडात पाहिली नव्हती.

"अन् शिकवते कोन? थो इराणी मास्तर. म्या टिनाले कान लावून आयकलं. एक बाई म्हने, हाकीम चौकात एकटा सापडला पायजे. दुसरी म्हने, हात रिकामे ठेवाचे नाई."

हाकीम म्हणजे सत्ताधीश, आणि पुढाऱ्याचा सत्कार तर तोंडावर. मी त्याला चहा पाजून वाटेला लावलं आणि परदेशी माणसांच्या नोंदीची फाईल मागवली. आमच्या हद्दीत परदेशी माणूस एकच होता. वय सहासष्ट, राष्ट्रीयत्व इराणी, निर्वासित म्हणून वास्तव्य. त्याला दरवर्षी राहण्याची परवानगी नव्याने घ्यावी लागे आणि त्यासाठी ठाण्याचा अहवाल वर जात असे. 'वर्तणूक समाधानकारक, हरकत नाही.' एवढी एक ओळ. ती ओळ लिहिली की तो वर्षभर इथे. नाही लिहिली तर त्याची परतपाठवणी. आणि परत म्हणजे कुठे, तर ज्या देशात त्याने दोन वेळा तुरुंग भोगला होता आणि तिसऱ्यांदा धरायला माणसं टपून बसली होती, तिथे. यंदाचा अहवाल माझ्याच टेबलावर पडून होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दोन पंच, एक महिला शिपाई आणि आमचा हेड मोहरर यांना घेऊन मळ्यात गेलो. मोहरर म्हणजे ठाण्यातलं लिखाण आणि मुद्देमाल सांभाळणारा हवालदार. आमचा मोहरर मोत्यासारखं अक्षर काढणारा, नियमाला पक्का. शेडजवळ एक गोरापान, पांढऱ्या मिशांचा म्हातारा उकिडवा बसून संत्र्याच्या रोपांना डोळे भरत होता. खुंटावर चाकूने चीर पाडायची आणि चांगल्या झाडाचा डोळा तिच्यात बसवून वरून बांधायचं, हे कलमाचं काम. आम्हाला पाहून त्याने चाकू मिटवला.

"या ना साहेब. बसा. चहा मांडाले सांगू का?"

त्या तोंडातून ते वऱ्हाडी ऐकून आमची महिला शिपाई खुदकन हसली. मी तिच्याकडे डोळे वटारले, पण हसू मलाही येत होतं.

शेडलगतच्या त्याच्या खोलीत खाट, दोन कपडे आणि वह्यांचा ढीग. सगळ्या वह्या फारसी लिपीत भरलेल्या. शेवटची वही ताजी होती, शाई अजून चमकत होती. ती मी जप्त करायला सांगितली. तेवढ्यात मळ्याची मालकीण भाजीच्या पेंढ्या टाकून धावत आली. साठीची बाई, आवाज असा की पलीकडच्या वावरातले बैल थांबावे.

"वही काहून नेता? तिच्यात काय बॉम्ब हाये?"

"चौकशी आहे बाई. पाहून परत देऊ."

"तुमाले वाचता येते का थे?"

मी मोहरराला खूण केली.

जप्त केलेल्या वहीच्या प्रत्येक पानावर क्रमांक घालायचा, त्याखाली पंचांच्या सह्या घ्यायच्या आणि मग लाखेचा शिक्का मारून सील करायचं, ही रीत. मध्ये कुणी पान घालू नये, काढू नये म्हणून. मोहरराने तिथेच खाटेवर बैठक मारली, वही उघडली आणि लाल पेनाने एक, दोन, तीन असे बासष्टपर्यंत आकडे घातले. त्याने पहिला आकडा घातला तेव्हा म्हातारा त्याच्याकडे पाहून हसला. मला ते हसू दिसलं. मला वाटलं, मस्ती आहे.

ठाण्यात आणून त्याला खुर्ची दिली. जबाब मोहररच लिहून घेत होता. नाव झालं, वय झालं.

"धंदा?"

"कवी."

मोहरराने पेन थांबवलं. "कवी हा धंदा होत नाई. मजुरी लिहू का? का कलमं बांधनं लिहू?"

"कवी लिहा. नाटकं बी लिहतो, थे बी लिहा."

"अहो, ज्याच्यावर पोट चालते थो धंदा."

"या धंद्यापायी मले दोन डाव जेल झाली. बिनधंद्याच्या मानसाले कोनी जेल देते का?"

मोहरराने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, लिहा कवी. माझ्या माहितीत आमच्या ठाण्याच्या दप्तरात या धंद्याची तेवढी एकच नोंद आहे.

मग तो आपणहून बोलला, आणि चांगला तासभर बोलला. वडील रोटीची भट्टी चालवायचे. अठराव्या वर्षी शेतकी शिकायला अकोल्याला आला. तेव्हा त्याच्या देशातली बरीच मुलं आपल्याकडे शिकायला येत. वर्गातल्या एका मित्राचं घर म्हणजे हा मळा. सुट्ट्या इथेच जायच्या, भाषा इथेच अंगात मुरली. मित्राच्या लग्नात याने पंगतीत वाढलं. ती नवरी म्हणजे सकाळी आमच्या अंगावर आलेली बाई. हा तिला वहिनी म्हणतो. परत गेला तो शेतकी बाजूला ठेवून कविता लिहू लागला, चौकात वाचू लागला, मग नाटकं. तिकडे राजा होता, त्याच्या माणसांनी धरलं. राजा गेला. ज्यांनी राजाला घालवलं त्यांनीही धरलं. तिथून सुटला तो देश सोडून या मळ्यात आला.

"दोघाइचे कपडे अलग, दाढ्या अलग," तो म्हणाला, "पन सवाल एकच. तुह्या नाटकातला हाकीम म्हंजे कोन?"

"मलाही तेच विचारायचं आहे," मी म्हणालो. "या वहीत काय आहे? हाकीम कोण? त्या बाया चौकात काय करणार आहेत?"

त्याने चहाचा कप खाली ठेवला. "थे मी सांगनार नाई."

"गुन्हा नसेल तर सांगायला काय हरकत आहे?"

"गुन्हा नाई. पन सांगनार नाई."

मी आवाज चढवून पाहिला, उतरवून पाहिला. पोलिसाला दोन्ही येतात. पुराव्याने कोंडलेला माणूस गप्प बसतो तेव्हा त्याची नजर दाराकडे जाते. हा माझ्याकडे सरळ पाहत होता. शेवटी त्यानेच कारण सांगितलं.

दुसऱ्या तुरुंगात त्याची चौकशी करणारा अधिकारी शिकलेला होता. मारलं नाही, शिवी दिली नाही. नाटकाचा शौकीन. रोज चहा मागवायचा आणि विचारायचा, ही ओळ सुचली कशी, हा प्रवेश असा का. "लेखकाले कोनी असं इचारलं साहेब, तं त्याले हौस येते. म्या सांगत गेलो. हे ओळ अमक्या नटानं तालमीत सुचवली, हा विचार तमक्याचा, असं सारं समजावून सांगतलं." आठ दिवसांनी ते दोन नट उचलले. एक परत आला. दुसऱ्याच्या आईने याला तिच्या मुलाचं शेवटचं बोलणं विचारलं, तेव्हा याला तोंड उघडवेना.

"तवापासून वर्दीतल्या मानसाले मी माह्यं नाटक समजावून सांगत नाई. तुमी चांगले दिसता. थो बी चांगलाच होता."

मी त्या संध्याकाळी त्याला घरी पाठवलं, पण रोज सकाळी दहाला हजर राहण्याची नोटीस बजावली. वहीच्या झेरॉक्स प्रती काढून अकोल्याला पाठवल्या. तिथे उर्दू शाळेतून निवृत्त झालेले एक गुरुजी होते, फारसीचे जाणकार. न्यायालयात चालेल असं भाषांतर पाहिजे, म्हणून सोबत ताकीद दिली होती की पानाच्या क्रमांकाप्रमाणे भाषांतर करावं, एकही पान मागेपुढे करू नये.

चौथ्या दिवशी भाषांतर आलं. वाचायला घेतलं. सुरुवातीलाच हाकीम चौकात एकटा उभा, चारी बाजूंनी माणसं. पुढच्या पानांवर बाया ठरवतात, उद्या चौकात जायचं, हात रिकामे ठेवायचे नाहीत. त्यापुढे शिपायांच्या पाळ्या किती आणि कधी बदलतात याची चर्चा. शेवटी एक बाई आपल्या घरी शांतपणे पीठ चाळत बसलेली. मी प्रत वरिष्ठांना पाठवली. ते पुण्याकडचे, स्वच्छ बोलणारे. तासाभरात त्यांचा फोन आला.

"आधी लक्ष्य, मग साथीदार, मग टेहळणी, आणि घरी साळसूद तोंड. सरळ कट आहे हा. तुम्ही अजून थांबलात कशासाठी? सत्कार सहा दिवसांवर आहे. गुन्हा दाखल करा आणि परवानगीच्या अहवालात हरकत नोंदवा."

"एकदा नीट वाचतो सर."

"चार दिवस काय केलंत मग?"

फोन ठेवला आणि पुन्हा वाचायला बसलो. हाताखालच्या पोरांना मी नेहमी सांगायचो, कागद कितीही सजवलेला असू दे, त्यातली माणसं मोजा. कोण कुठे होतं, कुणी कुणाला पाहिलं. तशी मोजायला लागलो आणि त्यातल्या एका रोटीवाल्यापाशी अडकलो. पान नऊवर तो मेला. शिपायांनी आणून टाकलेल्या त्याच्या प्रेतावर बायको चादर ओढते. आणि पान एकोणचाळीसवर हाच रोटीवाला, हीच बायको, आणि तो तिच्यावर चहा थंड झाला म्हणून करवादतो आहे.

पंचनाम्यात मेलेला माणूस पुढे चहा पीत नाही. वाटलं, एकाच नावाचे दोन असतील. मग दुसरी गोष्ट दिसली. जवळजवळ प्रत्येक पानाखाली गुरुजींनी कंसात लिहिलं होतं, 'वाक्य अपूर्ण'. साठ पानांवर साठ अपूर्ण वाक्यं लिहिणारा लेखक कसला? एवढं दिसूनही माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही, हे प्रामाणिकपणे कबूल करतो. पोलिसाला सगळ्या जगावर संशय येतो, आपल्या हाताने शिक्का मारलेल्या कागदावर येत नाही.

सकाळीच जीप काढली आणि मूर्तिजापूरमार्गे अकोला गाठलं. गुरुजी घरीच होते. त्यांनी आधी सरबत दिलं. मग मी दोन्ही पानं त्यांच्यापुढे ठेवली आणि विचारलं, हा मेलेला माणूस बोलतो कसा?

त्यांनी पानावरच्या क्रमांकावर बोट ठेवलं. मग हळूच म्हणाले, "साहब, हमारी किताब दाएँ से शुरू होती है. आपके यहाँ जिस पन्ने पे एक नंबर डाला है, वो आख़री है."

मी सरबताचा ग्लास खाली ठेवला.

"तुम्हाला हे कधी कळलं गुरुजी?"

"पहला पन्ना हात में लेतेच."

"अन् सांगितलं का नाही?"

"नंबर के नीचे दो-दो पंच की सही थी, थाने का शिक्का था. ऊपर से ताकीद कि एक पन्ना भी आगे-पीछे नहीं करना. हमने सोचा, सरकार ने उल्टा लगाया है तो उसमें सरकार की कुछ हिकमत होगी. हम कौन बोलनेवाले?"

काय बोलणार! शिकलेला, पांढऱ्या दाढीचा, हजारो पोरं घडवलेला माणूस. त्याला चूक दिसत होती, आणि तरी पोलिसाच्या शिक्क्यापुढे तो गप्प बसला. आणि दुसरा, ज्याची ती वही, त्यालाही मोहरराने पहिला आकडा घातला त्या क्षणीच दिसली होती. तोही गप्प बसला, पण भीतीने नाही. दोन गप्प माणसांच्या मध्ये आम्ही शहाणे बासष्ट आकडे घालून मोकळे.

निघताना गुरुजी म्हणाले, "एक बात बोलूँ? डिरामा अच्छा है."

परत येऊन मोहरराला सांगितलं तर तो म्हणाला, "साहेब, वही पह्यल्या पानापासूनच सुरू होते ना!" त्याचं काय चुकलं? त्याच्या जागी मी असतो तरी तेच केलं असतं. आम्ही दोघांनी भाषांतराचा गठ्ठा उलटा लावला आणि वाचला.

एका गावात हाकिमाचा हुकूम निघतो की रोज संध्याकाळी सगळ्यांनी चौकात जमायचं आणि हाकीम सज्जात आला की टाळ्या वाजवायच्या. रोटीवाल्याची बायको जाते, पण टाळी वाजवत नाही, कारण तिचे हात कणकेने भरलेले असतात. शिपाई जाब विचारायला घरी येतात, बायकोऐवजी नवरा पुढे होतो, त्याला नेतात, शिपायांच्या पाळ्या कधी बदलतात हे विचारत बायको त्याच्या भेटीसाठी खेटे घालते, आणि त्याचं प्रेत परत येतं. तिसऱ्या दिवशी गावातल्या सगळ्या बाया ठरवतात, उद्या चौकात जायचं, हात रिकामे ठेवायचे नाहीत. सगळ्या कणकेच्या हातांनी जातात. कुणीच टाळी वाजवत नाही. चौकभर माणसं आणि हाकीम एकटा.

आम्ही वाचत होतो तेवढ्यात फाटकाशी गलका झाला. वहिनी आल्या होत्या, मागे आठ-नऊ बाया. भाजीबाजार आटोपून थेट ठाण्यात. कवी व्हरांड्यातल्या बाकावर बसला होता, त्याच्याकडे न बघता बाई सरळ माझ्या टेबलाशी आली.

"भाऊजीले रोज रोज काहून बसवून ठेवता? काय करनार होतो आमी, थे सांगा."

"कागद वाचून राहिलो ना बाई."

"नाटक का वाचून समजते? या भायेर, करून दाखोतो. पाहा डोयानं."

मी अडवायला हवं होतं. नियमाने अडवायलाच हवं होतं. मी खुर्ची उचलून बाहेर कडुलिंबाखाली ठेवली.

भर दुपारी, ठाण्याच्या आवारात, त्या बायांनी ते नाटक केलं. हाकीम म्हणून एक जाडजूड भाजीवाली स्टुलावर चढली, डोक्याला टॉवेल गुंडाळून. शिपाई झालेल्या दोघींनी आमच्या शिपायांच्या काठ्या मागून घेतल्या, आणि त्यांनी त्या दिल्याही. वहिनी रोटीवाल्याची बायको होत्या. कणीक नव्हती तर मडक्याखालची ओली माती हाताला फासली. नवऱ्याच्या प्रेतावर पदर ओढून त्या म्हणाल्या, "चहा गरम हाये आता. उठा ना." माझा दहा खुनांचे पंचनामे लिहिलेला मोहरर रुमाल शोधू लागला.

शेवटी सगळ्या बाया मातीचे हात पुढे धरून उभ्या राहिल्या. हाकीम स्टुलावरून ओरडला, "वाजवा!" कुणी हाललं नाही. तो पुन्हा ओरडला. मग त्याने स्वतःच दोन-तीन टाळ्या वाजवल्या आणि थांबला. आवारात आम्ही वीस पोलीस उभे. माझे हात सवयीने टाळीसाठी वर आले होते. ते मी खाली घेतले, आणि मला फार बरं वाटलं.

कवी बाकावरून उठून आला. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. वहिनींना म्हणाला, "वयनी, पदर ओढाच्या येळेस घाई केली तुमी." बाई म्हणाली, "ठान्यात अजून कायले रेंगाळू?"

हसलो आम्ही सगळे. पण प्रकरण तिथे संपत नव्हतं. मी वरिष्ठांना फोन करून पानांचा उलगडा सांगितला.

"म्हणजे कट नाही, ठीक. पण सत्काराच्या तोंडावर टाळ्या वाजवू नका असं शिकवतोय तो. हाकीम म्हणजे कोण, हे त्याच्याकडून वदवून घ्या."

"टाळी न वाजवणं कोणत्या कलमाखाली येतं सर?"

"एक करा. त्याच्याकडून हमीपत्र घ्या. यापुढे राजकीय लिखाण करणार नाही, नाटक करणार नाही. ते जोडलंत तर परवानगीचं मी बघतो. आणि त्या आकड्यांच्या चुकीचा कागदावर उल्लेख नको. ठाण्याची शोभा होते."

हमीपत्राचा मसुदा मोहरराने सुबक अक्षरात लिहिला. मी कवीसमोर ठेवला आणि स्पष्ट सांगितलं, सही केली तर वर्षभर निश्चिंत. नाही केली तर पुढचं माझ्या हातात राहील की नाही ठाऊक नाही.

"विमानातून उतरल्याबरोबर धरतीन मले," तो म्हणाला. "मले ठाव हाये."

वहिनींचा तोरा पहिल्यांदाच उतरला. "द्या ना लिहून भाऊजी. कागदच हाये. घरी कोन पाह्यते तुमी काय लिहता थे?"

"वयनी, तठी सही करत नव्हतो म्हनून अठी आलो. अठी येऊन सही केली, तं मी आलो कायले?"

बाईच्या डोळ्यांत पाणी आलं. ते तिने मातीच्याच हाताने पुसलं, कपाळभर माती झाली. मग माझ्याकडे वळली. "नाई करत थो सही. आता तुमाले काय लिहाचं थे लिहा, साहेब."

त्या रात्रीपर्यंत थांबलो नाही. तिथेच बसून अहवाल लिहिला, स्वतःच्या हाताने. जप्त वहीवर पृष्ठक्रमांक घालताना ठाण्याकडून चूक झाली व क्रम उलटा लागला. योग्य क्रमाने वाचन केले असता मजकूर नाटकाचा असल्याचे दिसून आले. संबंधिताने हमीपत्र देण्यास नकार दिला. ते घेण्याचे कारणही दिसून आले नाही. वर्तणूक समाधानकारक, हरकत नाही. पोचपावतीसह अमरावतीला रवाना केला. मोहरर म्हणाला, "साहेब, चूक माह्या नावानं लिहा." मी ठाण्याच्याच नावाने राहू दिली.

कवीची परवानगी मिळाली. वर्षभराची, हमीपत्राशिवाय. नाटक कोजागरीला वहिनींच्या अंगणात झालं. जाहीर प्रयोगाला संहिता सरकारदरबारी तपासून घ्यावी लागते, आणि दुसऱ्याने शिक्का मारलेलं नाटक करणार नाही म्हणून म्हातारा अडून बसला होता; तालमीला भुलाबाईच्या गाण्यांचं नाव दिलं होतं ते त्यामुळेच. अंगणात तिकीट नाही, जाहिरात नाही, कुणाची हरकत नाही. मी मात्र तोवर ठाण्यात नव्हतो. सत्कार पार पडल्यावर माझी बदली नियंत्रण कक्षात झाली. तिथे माणूस फक्त फोन उचलतो.

या प्रकरणाने मला काय शिकवलं, असं मुलगी विचारते. मी आयुष्यभर समजत आलो की प्रश्न विचारणं माझं काम आणि समजावून सांगणं समोरच्याचं. त्याने नाही समजावलं तर तो लबाड. त्या म्हाताऱ्याने मला ताठ मानेने शिकवलं की समजून घेण्याची मेहनत विचारणाऱ्याने करायची असते. त्याने तोंड उघडलं असतं तर मी दोन मिनिटांत सुटलो असतो, आणि कुठलंच पान उलटून पाहिलं नसतं. आणि गुरुजींनी मला शिकवलं की आमच्या शिक्क्याला माणसं किती भितात. या दुसऱ्या गोष्टीची मला आजही लाज वाटते.

नियंत्रण कक्षात पंधरवडा झाला असेल, वरून एक पाकीट आलं. ठाण्याची चूक विनाकारण अभिलेखावर का आणली? तोंडी सूचना असताना हमीपत्र का घेतले नाही? हाकीम या पात्राबाबत संबंधिताचे म्हणणे का नोंदवले नाही? सात दिवसांत लेखी खुलासा सादर करावा. मी कागद घेतला आणि लिहायला बसलो. दोन पानं भरली. सगळं नीट पटवून दिलं होतं, त्याचा तुरुंग, ते दोन नट, वहिनी, मातीचे हात, सगळं. वाचून पाहिलं. वाक्य न् वाक्य खरं होतं. मग ती दोन्ही पानं फाडली, कोरा कागद घेतला आणि त्यावर एकच ओळ लिहून खाली सही केली.

'अहवाल स्वयंस्पष्ट आहे.'